धाकल्या डाक्तरच्या गाडीसारखा आवाज

४ डिसेंबर १९३७. मानोरा.

आजही तेच. आठ गावं फिरलो अन् पेशंट तीन. त्यातला एक तं बैलाच्या खुराले लावाले औषध मागत होता. वडगावच्या फाट्यावर म्हातारा सदाशिव बैलबंडी सोडून बसला होता. त्याले विचारलं, "काहो, गावात कोणी आजारी नाही का?" म्हणे, "हायेत ना. चांगले सात-आठ हायेत. पर ते धाकल्या डाक्तरची वाट पाहून राह्यले."

धाकला डाक्तर म्हणजे नारायण. माझ्या बायकोचा, द्वारकेचा, सख्खा भाऊ. कारंज्याले दवाखाना टाकून त्याले दीड वर्ष नाही झालं. मी ह्या भागात अकरा वर्षं झाले घासून राह्यलो, म्हणून मी 'मोठे डाक्तर'. मोठ्याले रामराम अन् धाकल्याले पेशंट, असं चालू आहे सारं.

डोकं तापलं. बैलाच्या खुराले आयोडिन देऊन आलो.

६ डिसेंबर

नारायणची करामत आज डोळ्यानं पाह्यली. वडगावच्या अलीकडे कापसाच्या बंड्यायच्या मागं अडकलो होतो. तिकून त्याची गाडी येत होती. दिसाच्या आधी ऐकू आली. भड् भड् भड् भड्. पावसाळ्यात त्याचा सायलेन्सर नाल्यात गळून पडला, त्यानं पुन्हा बसवलाच नाही.

आवाज झाला तसं गाव उठलं. बाया हातातलं टाकून निघाल्या. एकानं बापाले पाठीवर घेतलं, दुसरीनं पोट्ट्याले गोधडीत गुंडाळलं, एक जण काठीले पांढरं फडकं बांधून रोडवर उभा. गाडी येऊन थांबते तोवर पेशंट ओळीनं बसलेले. अकरा. मी बसल्या बसल्या मोजले.

अन् माझी गाडी! मीच तिले तेलपाणी करून अशी ठेवली की शिवणयंत्रासारखी चालते. गावात ऐकू जाईपर्यंत मी गाव ओलांडून पुढं, अन् मागं नुसता फुफाटा. एवढी वर्षं ह्याचाच अभिमान होता मले. लोकायले सांगत होतो, पाहा कशी गुपचूप चालते. गाढवपणा.

९ डिसेंबर

नारायण जेवाले आला. आला म्हणजे काय, बाजारात होता तेव्हाच द्वारकेनं ओळखलं. "नारायण आला वाटते," म्हणे, अन् चुलीवर आधण ठेवलं. मी दारात येतो तेव्हा ह्याच बाईले पत्ता नसते. "अगंबाई, केव्हा आले तुमी?"

डिंकाचे लाडू काढले डब्यातून. चार त्याच्या ताटात. मी हात पुढं केला तं म्हणे, तुमाले पित्त होते. सोळा वर्षांच्या संसारात माझं पित्त तिले आजच आठवलं.

तो जेवता जेवता म्हणे, "भाऊजी, तुमची गाडी चोरासारखी येते हो. मांजरीच्या गळ्यात बांधतात तशी घंटी बांधा तिले." दोघं बहीणभाऊ ठसका लागेस्तोवर हासले. मी पण हासलो. काय करता.

घंटी नाही बांधत. पाहाच तू आता.

११ डिसेंबर

करीम मिस्त्रीकडे गेलो. कापसाच्या जिनातलं इंजन दुरुस्त करणारा, सायकली पण करते. त्याले म्हटलं, सायलेन्सर काढाचा आहे. तो पान्हा हातात घेऊन माझ्याकडे पाहतच राह्यला.

"डाक्टरसाब, लोक डब्बा बसवाले येते माह्याकडे. काढाले आजतक कोणी नाही आलं."

"मी आलो ना आता."

"पर काहून? बिमार हाय का डब्बा?"

"आवाज पाहिजे."

"कायचा आवाज?"

सांगितलं नाही. काय सांगू, साळ्यासारखा? म्हणे, दुकानात जागा नाही, जिनाचं काम आलं आहे. म्हटलं उद्या घरी ये, गोठ्यात करू. आणि कोणाले बोलू नको. "तौबा," म्हणे, "मी कायले बोलू? गाडीच बोलंल."

१२ डिसेंबर, रविवार

झालं!

गोठ्यातली म्हैस बाहेर बांधली, गाडी आत घातली, मागचा भाग उचलून खाली सागाचे ओंडके. करीम उताणा खाली शिरला, मी त्याच्या बाजूनं. नटं गंजून एक झालेले. घासलेट ओतलं, अर्धा घंटा वाट पाह्यली, तरी हालत नव्हते. शेवटी छन्नी लावून तोडले. पुढचा नळ करवतीनं कापला. डबा खाली पडला तशी काजळी दोघांच्या तोंडावर. करीम खोकत खोकत म्हणे, "साब, आता तुमी माह्या बिरादरीचे दिसता." उरलेला नळ तारेनं वर बांधून घेतला.

हँडल मारलं.

काय आवाज बाप्पा! छाती हालली. म्हशीनं दावं तोडलं अन् थेट शेजाऱ्याच्या वाडीत. द्वारका पिठाच्या हातानं धावत आली, "माय वं! काय फुटलं?" मी गाडीवर हात ठेवून उभा. म्हटलं काही नाही फुटलं, आता ऐकू येते का मी आलो ते?

ती म्हैस पकडाले गेली.

पण आज मले मजा आली. खरंच आली. कितीक दिवसांनी.

१४ डिसेंबर

कालचे चौदा, आजचे सतरा!

वडगाव, त्याच्या पुढचे तीनही गावं, फडकेच फडके. मी लांबूनच पाहून राह्यलो होतो अन् एकटाच हासत होतो.

पण एक गोष्ट. गाडी जवळ आली की तोंडं पडतात. हरेक गावात. "हे तं मोठे डाक्तर हायेत वं." एक म्हातारी तं नातवाले घेऊन वापस चालली होती, तिच्या सुनेनं ओढून आणली, "आले तं आले, दाखवून घ्या ना आता." आले तं आले! मी गुमान त्या पोट्ट्याचं पोट दाबून पिलई तपासली.

चालंल. चार महिन्यात हे लोक हा आवाज माझा म्हणून ओळखतील. नाही ओळखले तरी नाडी तं माझ्याच हातात देऊन राह्यले ना.

पायाखालची फळी तापते. धूर आत येते. घरी आल्यावर गाडी बंद केली तरी कानात इंजन चालूच होतं, जेवण होईपर्यंत.

१७ डिसेंबर

द्वारकेसंग वाजलं.

कोणीतरी तिले सांगितलं की लोक माझ्या गाडीले नारायणची समजून येतात. म्हणे, "तुमी त्याचा आवाज चोरला."

म्हटलं, आवाज काय त्याच्या बापाचा आहे?

"त्याचा बाप तोच माझा बाप," म्हणे. झालं. मग एकेक काढलं तिनं. म्हणे, "लोक आवाजानं येतात असं वाटते तुमाले? तो गाडी बंद करते. खाली उतरते. खाटेवर बसते, पाणी मागते, बाजरीचं विचारते, बैलाचं विचारते, मग हात पाहते. तुमी एक पाय गाडीत ठेवून अन् गाडी धडधडत ठेवून नाडी पाहता. अन् वरून रागावता की आधी काहून नाही आले."

मी म्हटलं, हँडल मारून मारून माझा खांदा गेला आहे, दर गावाले गाडी बंद कशी करू? तिनं काही उत्तर दिलं, पण इतकं हळू की कळलं नाही. मुद्दाम करते. तोंडातल्या तोंडात बोलाचं अन् मग म्हणाचं तुमी ऐकत नाही.

खाटेवर बसते म्हणे! जावयासारखा!

१९ डिसेंबर

कान जरा ठणकतात. कोमट तेल घातलं. थंडी असंल. पेशंट बारा.

२१ डिसेंबर

आज लिहिणं होत नाही.

पोरगी जिवंत आहे. बाई पण.

२२ डिसेंबर

लिहितो. कोणाजवळ तरी बोललं पाहिजे, तं ही वही आहे.

काल सकाळी नवाच्या सुमाराले वडगावच्या फाट्यावर फडकं. काठी धरून सदाशिव स्वतः उभा. मी थांबलो तसा त्याचा चेहरा उतरला. "आमाले वाटलं धाकले आले."

त्याची लेक गिरजा पहिल्या बाळंतपणाले माहेरी आलेली. परवा रात्रीपासून कळा, सुईणीनं हात टेकले. नारायणले निरोप गेला होता, तो दहापर्यंत येतो म्हणाला होता. सदाशिव जरा वेळ कारंज्याच्या रोडकडे पाहत राह्यला. मग म्हणे, "बरं. आता तुमीच आले तं चला."

खरं लिहितो. माझ्या मनात पहिला विचार गिरजाचा नव्हता. दहाच्या आत उरकलं पाहिजे, हा होता. तो येईल तेव्हा पोर न्हाऊमाखू घालून आईच्या कुशीत असलं पाहिजे अन् मी हात पुसत असलो पाहिजे.

गाडीतून उतरलो, सरळ आत. बाईची लघवी तुंबली होती, ती नळीनं काढली. तोवर सारं नीट केलं. मग पोटावर लाकडी नळी ठेवून कान लावला. पोराच्या काळजाचे ठोके ऐकाले.

काही नाही. नुसतं कानातलं इंजन.

जागा बदलली. कान बदलला. काही नाही. घरातल्या पाच-सहा बाया माझ्या तोंडाकडे पाहून राह्यलेल्या. अकरा वर्षांत असं दोनदा झालं होतं, दोन्ही वेळेस पोर गेलेलं होतं. मी उठून म्हटलं, पोर गेलं. बाईले वाचवाचं तं तोडून काढावं लागंल.

गिरजा म्हणे, "हालते ना जी. आता हाललं."

मी म्हटलं, "तुले काय समजते? कळेनं तसं वाटते."

मी म्हटलं असं. तिले.

हत्यारं उकळाले ठेवली. त्यात कोणतं हत्यार होतं ते इथं लिहीत नाही, मले माहीत आहे. पाणी खळखळत होतं तेवढ्यात बाया उठल्या, पदर सावरले. मागं पाह्यलं तं नारायण दारात. त्याची गाडी नाल्यात बंद पडली म्हणून कोणाच्या बैलाच्या दमणीत बसून आला होता, दोन कोस. धुळीनं पांढरा झालेला.

सदाशिव रडत त्याले सांगे, मोठे डाक्तर म्हणतात गेलं. नारायणनं माझ्याकडे पाह्यलं. हात धुतले. गुडघ्यावर बसला अन् नळी लावली. लय वेळ. मग उठला नाही. फक्त मले जवळ बोलावलं, माझं मनगट धरलं अन् त्यावर बोटानं ठेका धरला. टक टक टक टक टक. पोराचे ठोके. एका मिनिटाले एकशे तीसच्या वर असतील. कोणाले दिसलं नाही.

मग मोठ्यानं म्हणे, "भाऊजी, चिमटा तुमीच लावा. तुमचा हात माझ्याहून पक्का आहे."

मी लावला. वीस मिनिटं गेले. पोरगी झाली. नाळ गळ्याभोवती होती, मी सोडवली. तिचं तोंड उघडलेलं मले आधी दिसलं, रडणं मग ऐकू आलं.

उकळलेली हत्यारं मी तशीच फडक्यात बांधली.

२३ डिसेंबर

बाकीचं राह्यलं होतं लिहाचं.

निघताना नारायण मले कडुलिंबाखाली घेऊन गेला. म्हणे, "भाऊजी, गाडीतून उतरल्या उतरल्या नळी लावली का?" मी म्हटलं मग काय. तं म्हणे, "मी तं अर्धा घंटा लावतच नाही. सायलेन्सर पडल्यापासून कान बसतात. म्हणून मी खाटेवर बसतो, पाणी मागतो, बैलाचं विचारतो. कान मोकळे होईपर्यंत टाइम काढतो. तुमाले सांगाले पाहिजे होतं. तुमी डबा काढला हे मले कालच समजलं."

ऐकता का द्वारकाबाई! तुमचा भाऊ खाटेवर बसते तो प्रेमानं नाही. कान वाजते त्याचा म्हणून बसते! मले हासू आलं. मग लाज वाटली. मग पुन्हा राग आला, की लाज वाटाले लावणारा पण हाच.

वरून म्हणे, "नागपूरले माझ्या ओळखीचा एक कानाचा डाक्टर आहे. मी येतो संग." त्यानं मले दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

२५ डिसेंबर

काय ऐकतो मी हे!

बाजारात जो तो तेच बोलून राह्यला. धाकल्या डाक्तरनं मेलेलं पोर जिवंत केलं! मोठ्या डाक्तरनं मेलं म्हणून सांगितलं, पाणी उकळलं, तेवढ्यात धाकले आले, पोटाले कान लावून काहीतरी पुटपुटले अन् पोर हाललं. वडगावच्या बाया त्याच्या गाडीले हळदकुंकू लावून गेल्या. टपावर नारळ फोडला.

चिमटा मी लावला! नाळ मी सोडवली! तो त्या अंधाऱ्या खोलीत बाजूले कंदील धरून उभा होता!

अन् तो सांगतो लोकायले, खरंच सांगतो, मी स्वतः ऐकलं बाजारात, "अहो ती मेलीच नव्हती, भाऊजींनीच तिले काढली." तं लोक माना हालवतात. म्हणतात, पाहा किती गरीब स्वभाव, मोठ्या मेहुण्याची लाज राखून राह्यला.

आता मी काय करू? मी चारचौघात म्हटलं की पोरगी जिवंतच होती, तं ह्याचा चमत्कार तिथंच मिटते. नारळ बंद. पण मग लोक विचारतील ना, जिवंत होती तं तुमी मेली काहून म्हटलं? काय सांगू? ऐकू नाही आलं? ज्या डाक्टरले ऐकू येत नाही त्याच्याजवळ छाती घेऊन कोण येते?

गुमान राह्यलो तं हा देव होते. बोललो तं मी संपतो.

अन् हे सारं मीच त्याच्या हातात दिलं. माझी चूक मोठी तेवढा हा मोठा.

२७ डिसेंबर

करीमनं डबा बसवून दिला. कापलेला नळ आखूड पडत होता, जिनातला तुकडा जोडला. गाडी पुन्हा पहिल्यासारखी झाली असं तो म्हणते. म्हणे, "पाहा साब, कशी शांत." मी मान हालवली. मले शांत नाही वाटत. गाडीपासून लांब गेलो, वाडीत गेलो, तिथंही तेच.

घड्याळ कानाले लावून पाह्यलं. उजव्यानं कसंतरी. डाव्यानं नाही. क्विनीननं कान वाजतात, ते घेतलं असतं तं त्याच्यावर ढकललं असतं, पण दोन महिन्यांत एक गोळी नाही.

द्वारकेले विचारलं, माझं ऐकणं कधीपासून कमी झालं असं वाटते तुले? ती पीठ मळत होती. म्हणे, "दोन-तीन वर्षं झाले असतील. मले वाटे तुमी मुद्दाम करता."

तीन वर्षं!

मग ह्या तीन वर्षांत मी किती छात्यायले नळी लावली? नको. हा विचार आज नको.

२८ डिसेंबर

फेरीले गेलो नाही. द्वारकेनं न मागता लाडू आणून दिला. दोन दिले. भावाचं नाव नाही काढलं दिवसभर. जवळ येऊन उजव्या बाजूनं बोलते आता. तिनं हे केव्हा शिकून घेतलं?

लाडू गोड लागला नाही, पण खाल्ला.

३० डिसेंबर

सदाशिव स्वतः आला आवतन घेऊन. परवा बारसं. नाव नारायणी ठेवणार आहेत. ठेवा बाप्पा. माझं नाव कोण ठेवते, माझं नावच घेत नाही कोणी, नुसतं मोठे डाक्तर.

चहा पिऊन उठला नाही. टोपी हातात फिरवत राह्यला. मग माझ्या अंगाशी सरकून म्हणे, "डाक्तर सायेब, एक इनंती हाय. गिरजाच्या सासरचे येणार हायेत. धाकले डाक्तर म्हणतात काही झालंच नोतं. सासरचे म्हणतात तुमी गावठी लोक उगाच वाढवून सांगता. तं तुमी चारचौघात सांगजा. तुमी मोठे हा, तुमी खोटं नाही बोलणार. मेलं होतं ना पोर?"

मी म्हटलं, पाहू.

"पाहाचं काय त्याच्यात," म्हणे, "तुमीच तं पाह्यलं होतं."

त्याच्या डोळ्यात काही खोट नव्हती. त्याले खरंच वाटते मी त्याच्या नातीच्या मरणाचा साक्षीदार आहे. दारापर्यंत गेला अन् परत फिरला. म्हणे, "अजून एक. गिरजा म्हणत होती, मोठ्या डाक्तरनं हात लावला तेव्हा दुखलं नाही मले. तिनं सांगाले सांगितलं होतं, मी भुलत होतो."



१ जानेवारी १९३८

बारसं आज. नारायण न्यायले येणार आहे, द्वारकेले अन् मले. सकाळपासून मागच्या खोलीत दार लोटून बसलो आहे. द्वारकेले सांगितलं, तयार होतो. झालो नाही.

काय बोलाचं ते लिहून पाहतो.

एक. "होय. पोर गेलं होतं. नारायणरावांच्या हाताले यश आलं." सारे खूश. द्वारका खूश. सदाशिवची मान वर, गिरजाले सासरी मान. मी अकरा वर्षं केलं ते तसंच चालू. वर्षभर नारळ फुटताना पाहत बसाचं.

दोन. "पोर जिवंत होतं. मले ऐकू आलं नाही. गिरजा सांगत होती हालते म्हणून, मी तिले गप्प केलं." एवढंच. लिहाले सोपं आहे, तीनच वाक्यं. त्याच्यानंतर मी सही कशाची करू, डाक्टर म्हणून?

दुसरं बोललो तं नारायणचा चमत्कार जाते, हे मनात आल्याबरोबर बरं वाटते. तेच वाईट आहे. खरं बोलाचं ते सुद्धा ह्याचं नाक कापाले. कितीदा ताडून पाह्यलं, त्याच्यातून जळकेपणा काढला तं किती खरं उरते हेच कळत नाही. गिरजाच्यासाठी बोलाचं म्हणतो, अन् डोळ्यासमोर गिरजा येतच नाही, टपावरचा नारळ येते.

तीन. जाचंच नाही. ताप आला म्हणून सांगाचं.

द्वारका आत्ता येऊन गेली. खांद्याले हात लावला तेव्हा समजलं ती उभी आहे. नवं लुगडं, नथ. वाकून उजव्या कानाशी म्हणे, "चला ना आता. नारायणची गाडी दारात येऊन उभी आहे, पंधरा मिनिटं झाले चालू ठेवून बसला तो. अर्धी गल्ली गोळा झाली. तुमाले आवाज नाही आला?"

आवाज आला. येऊन राह्यला होता सकाळपासून. मले वाटलं कानातलाच आहे.